मुखपृष्ठावर कॅथेड्रल नको, रस्ता घे

पणजी,
ऑगस्टचा दुसरा आठवडा

प्रिय अविनाश,
सप्रेम नमस्कार.

दिवाळी अंकाचा गोवा विशेषांक काढतोयस हे ऐकून फार बरं वाटलं. पण "जुन्या गोव्याचं एखादं झकास चित्र पाठव, कॅथेड्रल वगैरे, मुखपृष्ठाला" असं तू जे सांगितलंस, त्याला माझा साफ विरोध आहे. फोनवर तुझ्यामागे मशीन धडधडत होतं, म्हणून वाद घातला नाही. आता पत्रातून घालतो. तू प्रेसवाला, मी पोरांना चित्रकला शिकवून निवृत्त झालेला. आपलं एका चित्रावर एकमत झालेलं मला तरी आठवत नाही.

सोबतच्या जाड लिफाफ्यात प्रिंट आहेत. मागच्या बाजूला पेन्सिलीने आकडे घातलेत, त्याच क्रमाने बघ.

पहिलं चित्र बाजाराचं. लिन्सखोतेन नावाचा एक डच पोरगा १५८३ साली नव्या आर्चबिशपचा कारकून म्हणून गोव्यात उतरला. वय जेमतेम वीस. पाचेक वर्षं राहिला, डोळे उघडे ठेवून राहिला, आणि मायदेशी गेल्यावर १५९६ मध्ये अॅमस्टरडॅमला त्याचं पुस्तक छापून निघालं. पोर्तुगीजांनी जिवापाड जपलेले समुद्रमार्ग त्यात उघड झाले, आणि डच-इंग्रजांची गलबतं इकडे वळायला ते बरंच कारणीभूत ठरलं. आपल्याला मतलब त्यातल्या चित्रांशी. हे जे दोन पानभर पसरलंय ते रुआ दिरैताचं, म्हणजे शहराच्या मुख्य रस्त्याचं. दुतर्फा घरं, मधे माणसांची गर्दी. रविवार आणि सणवार सोडून रोज सकाळी सात ते नऊ इथे लिलाव चालायचा. ऊन चढलं की बंद. लिन्सखोतेनने लिहून ठेवलंय की पुकारा करणारे दलाल सोन्याच्या साखळ्या, मोती, अंगठ्या स्वतःच्याच अंगावर लटकवून फिरायचे. अरबी घोडे, मसाल्याचे जिन्नस, सुगंधी डिंक, गालिचे, सगळं तिथेच. आणि माणसंही. बाई, बाप्या, पोरं, सगळे विकायला उभे. घोड्याची चाल जशी पळवून बघायची, तशीच माणसाची बघायची.

चित्रकार म्हणून विचारशील तर चित्रात खोडी भरपूर आहेत. तांब्याच्या पत्र्यावर कोरणारे डोतेकम घराण्यातले, हॉलंडात बसून काम करणारे. त्यामुळे गोव्यातल्या हमालाच्या पोटऱ्यासुद्धा युरोपातल्या पुतळ्यांवरून घटवलेल्या. चेहरे सगळे एका साच्यातले. तरी पण अवी, रस्ता जिवंत आहे! कोण कोणाकडे बघतोय, कोण कोणाला टाळतोय, कोण नुसताच मिरवायला आलाय, हे सगळं कळतं.

आता दुसरा प्रिंट काढ. पोर्तुगीज उमराव घोड्यावर बसून चाललाय आणि शेजारी एक माणूस लांब दांड्याची छत्री धरून पायी चालतोय. भिंग घेऊन बघ. नजर आधी घोड्यावर जाते, मग मालकाच्या कपड्यांवर. माझं म्हणणं, छत्रीवाल्याकडे बघ. त्याला घोड्याच्या चालीने चालायचंय, सावली मालकाच्या डोक्यावरून ढळू द्यायची नाही, आणि स्वतः उन्हात राहायचंय. गोव्याच्या मे महिन्यात हे काम करून बघावं एखाद्याने. सगळ्या शहराचा कारभार त्या एका हातावर तोललेला दिसतो मला.

छत्रीचं प्रकरण तिथे भलतंच प्रतिष्ठेचं होतं. दहा-बारा शिपाई एका घरात राहायचे, त्यांच्यात मिळून रेशमी पोशाख एक-दोन. एक जण तो चढवून बाहेर पडला की बाकीचे घरात बसून. तोही रस्त्यावर निघताना छत्री धरायला रोजंदारीवर माणूस घ्यायचा, आणि असा काही डुलत चालायचा की बघणाऱ्याला फिडाल्गोच, म्हणजे खानदानी उमरावच, वाटावा. (आपल्या हॉस्टेलमधला तो एकच कोट आठवला ना? मलाही.) आणि गंमत म्हणजे आपल्या लोकांपैकी ज्यांना असा छत्रीचा मान होता त्यांत परदेशी दरबारांचे वकील आणि बडे व्यापारी सोडले तर उरतात ते हिंदू वैद्य. व्हाइसरॉय, आर्चबिशप, मठातले पाद्री, सगळे आजारी पडले की स्वतःच्या डॉक्टरांपेक्षा ह्या वैद्यांवर जास्त भरवसा ठेवायचे. देवळं पाडायची आणि नाडी मात्र वैद्यालाच दाखवायची! अंकात ह्यावर कोणाकडून तरी चांगला लेख लिहवून घे.

तिसरा प्रिंट त्याच पुस्तकातल्या शहराच्या नकाशाचा. सगळं बारीक बारीक घरांनी भरलंय. सोनारांची गल्ली, रेशीम आणि चिनी मातीची भांडी विकणाऱ्या वाण्यांची गल्ली, नाक्यानाक्यावर नाणी बदलून देणारे सराफ. पिण्याचं पाणी बायंगिणीच्या झऱ्यावरून यायचं. गुलाम डोक्यावर घागरी घेऊन घरोघर विकायचे. हेच बायंगिणी हल्ली कचरा प्रकल्पाच्या वादामुळे पेपरात असतं. शहराच्या विहिरी वाईट होत्या, जमीन सच्छिद्र, घाण झिरपायची, आणि त्यातूनच साथीमागून साथी आल्या. दोन लाख वस्तीचा आकडा बऱ्याच पुस्तकांत सापडेल. मला तो फुगवलेला वाटतो. नकाशा बघून तूच ठरव.

आता माझा खरा मुद्दा. ज्या कॅथेड्रलचं चित्र तुला हवंय त्याचं काम १५६२ ला सुरू झालं आणि १६१९ ला आटोपलं. आतल्या वेद्या तर १६५२ पर्यंत चालल्या होत्या. म्हणजे लिन्सखोतेन हा बाजार बघत होता तेव्हा कॅथेड्रल अर्धवट होतं. आणि ते पुरं होईतो डच दारात येऊन ठेपले होते, व्यापार बसत चालला होता. रस्ता भरलेला होता तेव्हा कॅथेड्रल नव्हतं, कॅथेड्रल झालं तेव्हा रस्ता रिकामा होऊ लागला. १६९५ मध्ये वीस हजार असलेली वस्ती १७७५ मध्ये सोळाशेवर आली होती असं नोंदवलंय. मग मुखपृष्ठावर शहर म्हणून तू काय दाखवणार? भिंती?

चौथा प्रिंट मुखपृष्ठाला अजिबात नको, पण आत हवाच. देलाँ नावाच्या फ्रेंच डॉक्टरला गोव्याच्या इन्क्विझिशनने, म्हणजे पोर्तुगीजांच्या धर्मन्यायालयाने, पकडून कोठडीत टाकलं होतं. सुटल्यावर त्याने जे पुस्तक लिहिलं, १६८७ मध्ये लायडनला निघालं, त्यातलं हे मिरवणुकीचं चित्र. शिक्षा झालेली माणसं अंगात रंगवलेले झगे घालून, हातात मेणबत्ती घेऊन रांगेने चाललीत. याच शहराचे हे रस्ते. बाजार तोच, लोक तेच, फक्त त्या दिवशी बघायला वेगळं काही होतं. इन्क्विझिशनची इमारत कॅथेड्रलच्या चौकातच होती. १५६० ला सुरू झालेलं ते न्यायालय १८१२ ला कायमचं बंद झालं, पुढे इमारतही पाडली. आज तिथे हिरवळ आहे, लोक सेल्फी काढतात.

तू कोल्हापूरचा, म्हणून एक आडवळण. १६८३ च्या नोव्हेंबरात संभाजीराजांच्या फौजेने समोरचं जुवें बेट घेतलं तेव्हा ह्या शहराची अशी गाळण उडाली की व्हाइसरॉय कोंदे द आल्व्हॉर स्वतः बॉम जेझू चर्चमध्ये गेला, सेंट फ्रान्सिस झेवियरची शवपेटी उघडवली आणि आपला राजदंड संताच्या हातात ठेवून म्हणाला, आता तूच राख. पाठीवर मोगल आले म्हणून राजांना परतावं लागलं. ह्या प्रसंगाचं त्या काळातलं चांगलं चित्र मला मिळालेलं नाही. कोणाकडून नव्याने काढून घेणार असशील तर कृपा करून घोड्यावरचे मावळे नकोत. बेट आहे, चिखल आहे, भरती-ओहोटी आहे. होड्या काढ म्हणावं.

पाचवी आणि सहावी रेखाटनं लोपिश मेंदिशची. १८६२ पासून नऊएक वर्षं तो सरकारी नोकरीत इथे होता, आणि त्याचा ग्रंथ १८८६ ला लिस्बनला छापला. हात साफ आहे, भपका नाही. तोवर सगळा खेळ संपलेला: १८३५ मध्ये मठ बरखास्त, १८४३ मध्ये पणजी अधिकृत राजधानी. जुन्या वाड्यांचे, मठांचे दगड पणजीच्या बांधकामांना वाहून नेलेले. ऑगस्टिन पंथाच्या पाद्र्यांच्या चर्चचं छत १८४२ ला पडलं. तिथली घंटा १८७१ पासून आमच्या पणजीच्या चर्चवर वाजते. मी हे लिहितोय तेव्हाच ती वाजली असं लिहायचा मोह होतोय, पण वाजली शेजारच्या कुकरची शिट्टी.

सातवा फोटो सौझा अँड पॉलच्या स्टुडिओचा, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचा. हेच तुझं कॅथेड्रल. नीट बघ, बुरूज एकच. दुसरा १७७६ मध्ये कोसळला, म्हणजे फोटोचा शोध लागायच्या किती आधी. दोन बुरुजांचं हे कॅथेड्रल जगात एकाही फोटोत नाही. समोर माड, गवत, आणि माणूस नावाला. ज्या जागी हा एक माणूस उभा आहे तिथून दोन ढांगांवर कधीकाळी घोडे पळवून बघत होते, हे त्या फोटोतून कुणालाही कळणार नाही. सुरेख फोटो आहे, छपाईलाही उत्तम येईल, आणि तरीही तो मुखपृष्ठाला नको, कारण तो पर्यटन खात्याच्या पोस्टरचा आजोबा आहे.

आठव्या-नवव्यात मात्र माणसं परत दिसतात. हे शवप्रदर्शन सोहळ्यातले. १८७८, १८९०, १९००, १९१० असं साधारण दहा-बारा वर्षांनी संताचं शव बॉम जेझूतून कॅथेड्रलमध्ये आणतात, आणि तेवढे दिवस ओसाड शहर पुन्हा माणसांनी भरतं. १८९० च्या वेळेला तर मुरगावची रेल्वे नुकतीच सुरू झालेली. मी स्वतः २०२४ च्या डिसेंबरात गेलो होतो. रांगेत माझ्यापुढे काष्टी नेसलेली एक म्हातारी होती, हातात मेणाचा पाय. दोन्ही गुडघे दुखतात, मग एकच पाय का, असं सून विचारत होती. म्हातारी म्हणाली, "सायबाला कळतं गो, दोन पायांचे पैसे दुप्पट घेतात ते." बाहेर खाजं, चणे, लाडवांची दुकानं, सावंतवाडी, बेळगावकडून चालत आलेले लोक पाय चेपत बसलेले. जातीने हिंदू किती, ख्रिस्ती किती, हे तुझ्यासारख्या संपादकालाच विचारावंसं वाटेल. रांगेत कोणी विचारत नव्हतं.

रुआ दिरैता आज चालायचा असेल तर फेरीबोटीच्या धक्क्यावरून व्हाइसरॉयच्या कमानीतून वर ये. डाव्या हाताला सेंट काजेतान, उजवीकडे कॅथेड्रलची बाजू, पुढे गांधी सर्कल. पाच-सात मिनिटांत संपतो. ती कमानसुद्धा १९५४ मध्ये नव्याने उभारलेली. पलीकडच्या दिवाडी बेटावर जाणाऱ्या स्कूटर सोडल्या तर फार कोणी थांबत नाही. म्हणून म्हणतो, अंक निघण्याआधी एकदा येच. दोन दिवस काढ, मी सकाळी सातला तुला तिथे उभा करतो.

तर ठरलं असं: मुखपृष्ठाला पहिलं चित्र, बाजाराचं. मलपृष्ठाला म्हातारीच्या जातकुळीतला नववा फोटो. कॅथेड्रल आत, अर्ध्या पानापेक्षा मोठं नको. तुला पटत नसेल तर भांड, पण चित्रं बघून भांड.

वहिनींना नमस्कार. तुझ्या साखरेचं काय झालं ते कळव. फोनवर विषय बदललास ते माझ्या लक्षात आलंय.

तुझा,
मिलिंद

ता. क. बाजाराचं चित्र रंगवायचा मोह तुझ्या डिझाइनरला होईल. रंगवू देऊ नकोस. आणि दुसरा प्रिंट लेखात वापरताना जागा कमी पडली तर घोड्याचं शेपूट कापा, आकाश कापा, छत्रीवाल्याला हात लावायचा नाही. मागच्या वेळी कडेची माणसं कापून टाकली होतीत, मी विसरलेलो नाही. स्कॅन सहाशे डीपीआयचे वेगळे पाठवतो. हे प्रिंट फक्त बघायला आहेत, त्यांवरून छापायला बसू नका.