माणसे कल्याणपलीकडे आली, पाणी आणि रूळ अजून यायचे आहेत

प्रति,
मा. नगरविकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय,

२०२१ ची हुकलेली जनगणना आता २०२७ मध्ये होणार आहे. तिचे आकडे हाती येईपर्यंत आमच्या बदलापूर-अंबरनाथ भागाचा हिशेब २०११ च्या खानेसुमारीवरच मांडला जाणार, म्हणून आत्ताच लिहितो.

वारे कुठे वाहतेय ते २०११ मध्येच दिसले होते. दहा वर्षांत मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या ३३.३८ लाखांवरून ३०.८५ लाखांवर उतरली. उपनगर जिल्हा वाढला तो जेमतेम ८ टक्क्यांनी. ठाणे जिल्हा मात्र, तेव्हा पालघर त्यातच होता, ८१ लाखांवरून १ कोटी १० लाखांवर गेला. बदलापूर ९८ हजारांचे १ लाख ७४ हजार झाले. त्यानंतर इथे किती इमारती उठल्या ते आम्ही रोज पाहतो.

हे लोक हौसेने आलेले नाहीत. लालबाग-परळच्या चाळीतल्या एका खोलीत दोन-तीन भावांचे संसार. मुले मोठी झाली की वाटणीचा प्रश्न येतोच, आणि ती खोली विकून येणाऱ्या पैशांत दोघांची दोन घरे फक्त कल्याणच्या पुढेच होतात. पुनर्विकासात टॉवरमध्ये घर मिळाले तरी महिन्याचा मेन्टेनन्स पेन्शनीत बसत नाही; भाड्याने द्यायचे आणि आपण अंबरनाथला यायचे. पूर्वी हीच माणसे मुलुंड, भांडुप, डोंबिवलीत थांबत. आता डोंबिवलीचाही भाव परवडत नाही. कोकणातून, खानदेशातून येणारा तरुण पूर्वी गिरणगावातल्या गाववाल्याच्या खोलीत पथारी टाकायचा. आता तो थेट नालासोपाऱ्यात किंवा बदलापुरात उतरतो, कारण गाववालाच तिथे गेलाय.

या स्थलांतराला सरकारचाही हात लागतोय, हे मला जास्त खटकते. ज्यांच्या गिरण्यांच्या जमिनींवर मॉल आणि कचेऱ्या उभ्या राहिल्या, त्या कामगारांना आणि वारसांना घरे सुचवली जातात बदलापूरच्याही पुढे, शेलू-वांगणीला. जुलै २०२५ मध्ये ते आझाद मैदानावर आले ते ‘मुंबईतच घर द्या’ म्हणत. सत्तरीतल्या माणसाला वांगणीहून उपचारांसाठी परळच्या केईएमला यायचे म्हणजे काय, याचा विचार ही जागा सुचवणाऱ्याने केला असेल असे वाटत नाही.

बरे, आम्ही आलो. बांधकामाच्या २०२० च्या एकत्रित नियमावलीने इथे जादा चटई क्षेत्र दिले, मजले वाढले. पाणी? मुंबईला पाणी देणारे भातसा धरण ज्या शहापूर तालुक्यात आहे, तिथली गावे उन्हाळ्यात टँकरकडे डोळे लावून बसतात. आमच्याकडच्या नव्या सोसायट्यांत मेन्टेनन्सच्या बिलात टँकरचा वेगळा रकाना असतो. बिल्डरच्या जाहिरातीत मात्र तरणतलाव. असो.

रेल्वे आपले खाते नाही, हे ठाऊक आहे. पण एमयूटीपीच्या, म्हणजे मुंबईच्या लोकल वाहतूक सुधारणा प्रकल्पाच्या, खर्चात निम्मा वाटा राज्याचा असतो. कल्याण-बदलापूर तिसरी-चौथी मार्गिका ज्या एमयूटीपी-३ए मध्ये आहे, त्याला केंद्राची मंजुरी २०१९ ची. ते रूळ येईपर्यंत पुण्याच्या मेल-एक्स्प्रेस आणि कर्जत लोकल त्याच दोन रुळांवर. सकाळी बसायला जागा मिळावी म्हणून अंबरनाथचे लोक आधी डाऊन गाडीने बदलापूरला येतात, त्यामुळे बदलापूरकरांना गाडी लागते तीच भरलेली. ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळ लोकलमधून पडून माणसे गेली. ती अशाच दारात लटकून चालली होती.

मागणी मोठी नाही. जनगणनेची वाट न पाहता आपल्या खात्याने मालमत्ता कराच्या नोंदी, महावितरणच्या नव्या घरगुती जोडण्या आणि शाळांची पटसंख्या दरवर्षी एकत्र करून शहरवार जाहीर करावी. सगळे आकडे सरकारदरबारी आहेतच. त्यावरून पाण्याचा कोटा आणि रुग्णालयातील खाटा ठरवाव्यात. पाण्याचा स्रोत कागदोपत्री मंजूर नसेल तिथे नव्या संकुलाला बांधकाम परवानगीच देऊ नये; इमारत पूर्ण झाल्यावर भोगवटा प्रमाणपत्र अडवले तर भरडला जातो घर घेणारा. आणि शेलू-वांगणीचा प्रस्ताव पुढे रेटण्याआधी मुंबईतल्या गिरण्यांच्या जमिनींपैकी किती जागा कामगारांच्या घरांसाठी अजून देता येईल, त्याचा गिरणीवार तक्ता प्रसिद्ध करावा.

आपला,
बदलापूरचा एक करदाता