फर्नांदिना बेटावरील मदतनीसांचे आभार

गालापागोस द्वीपसमूहातील फर्नांदिना या जागृत ज्वालामुखीच्या बेटावर आम्हाला प्राणिदर्शन घडवणाऱ्या, परंतु ज्यांची नावे आम्हाला कळली नाहीत, अशा सर्वांचे मनःपूर्वक आभार.

लाटेचा अंदाज घेत रबरी होडी पुंता एस्पिनोसा या बेटावरील उतरण्याच्या जागी निसरड्या खडकाला लावून, माझ्या वयोवृद्ध आईला हाताच्या पंजाऐवजी मनगटाला घट्ट धरून वर घेणाऱ्या नावाड्याच्या सफाईला तोड नाही. वाटाड्यांचे ऋण तर त्याहून मोठे आहे. काळ्या लाव्हावर त्याच रंगाचे सागरी इग्वाना, म्हणजे समुद्रात पोहणारे मोठे सरडे, एकमेकांवर रेलून पहुडलेले असताना पाऊल कुठे टाकावे हे त्यांनी दाखवले, प्राण्यांपासून २ मीटर दूर राहण्याचा नियम आवाज न चढवता पाळायला लावला आणि इग्वाना नाकपुड्यांतून फवारतात ते शरीरातील जादा मीठ असते, हेही समजावले.

उडता न येणारा पाणकावळा केवळ फर्नांदिना आणि इसाबेला या बेटांवर आढळतो. तो आपले खुरटे पंख पसरून वाळवत असताना आईला पुढे करून स्वतः मागे सरकलेल्या सहप्रवासी बाईंचेही आभार. त्यांचे छायाचित्र बहुधा हुकलेच असावे. जहाजावरील स्वयंपाक्यांनाही धन्यवाद.