वाढदिवसाला फळांऐवजी मलमाची ट्यूब द्या: बालरुग्ण विभागासाठी आवाहन

सप्रेम नमस्कार.

आपल्या उपजिल्हा रुग्णालयाच्या बालरुग्ण विभागात वाढदिवसाला, पुण्यतिथीला फळे-बिस्किटे वाटणारे पुष्कळ येतात. मंडळ त्यांचे ऋणी आहे. पण सकाळी रक्त घेताना जिन्यापर्यंत ऐकू येणारे रडणे केळ्यांनी थांबत नाही.

तान्ह्या बाळांना वेदना फारशा कळत नाहीत, असे १९८०च्या दशकापर्यंत अनेक डॉक्टरही मानत. बाळांच्या शस्त्रक्रिया पुरेशा भुलेविना व्हायच्या. ऑक्सफर्डमध्ये डॉ. कंवलजीत आनंद यांनी अपुऱ्या दिवसांच्या बाळांवर अभ्यास केला. नीट वेदनाशमन मिळालेली बाळे शस्त्रक्रिया अधिक चांगली सोसतात, हे त्यांनी १९८७ साली दाखवून दिले. ‘लहान आहे, विसरेल’ असे आपण मात्र अजून म्हणतोच.

सुई टोचण्याआधी कातडी बधिर करणारे लिडोकेन-प्रिलोकेनचे मलम मिळते. ते लावून वर पारदर्शक पट्टी चिकटवायची आणि साधारण तासभर थांबायचे. हा तास सांभाळणेच अवघड. डॉक्टरांनी ते वेळेत लिहून द्यायला हवे, औषध भांडारात ट्यूब हवी, सिस्टरनी आठवणीने लावायला हवे आणि रक्त घेणाऱ्याने त्याआधी येऊ नये. एकाने घाई केली की सगळे फुकट. भाजलेल्या मुलांचेही तेच. वेदनाशामक लागू पडण्याआधीच ड्रेसिंग सोडले, तर ते मूल नंतर फिजिओथेरपिस्टला हात लावू देत नाही.

म्हणून बालरोगतज्ज्ञ, भूलतज्ज्ञ, सिस्टर, औषधनिर्माण अधिकारी, फिजिओथेरपिस्ट आणि प्रयोगशाळेचे तंत्रज्ञ आता एकत्र बसून या वेळा ठरवत आहेत. बोलता न येणाऱ्या मुलांना किती दुखते हे कळावे म्हणून त्यांचा चेहरा, पाय, हालचाल, रडणे आणि समजावल्यावर शांत होणे, या प्रत्येकाला ० ते २ गुण द्यायचे आणि १० पैकी बेरीज तापाच्या तक्त्यावर लिहायची, असेही ठरले आहे. बैठकीला वॉर्डातल्या मावशींना बोलावले, हे आम्हाला विशेष आवडले. कुठले मूल कुशीवर वळत नाही, ते त्यांना आधी कळते.

मलम आणि पट्ट्या सतत लागणार आहेत. विभागाने लिहून दिलेल्याच घ्या, मुदत तपासून. बाळाला मांडीवर घेऊन, पाजत बसता येईल अशा पाठीच्या खुर्च्या हव्यात. सुई टोचताना अंगावरचे दूध आणि आईची कूस यांचा बाळाला खरोखर आधार होतो. साबणाचे फुगे आणि धुता येणारी खेळणी चालतील. केसाळ बाहुल्या नकोत, त्यांतून संसर्ग पसरतो.

सकाळी थोडा वेळ देऊन मुलांना गोष्टीत गुंतवणारी माणसेही हवीत. निवृत्त बालवाडीताईंनी जरूर यावे. आणि घरोघरी एक विनंती: ‘गप्प बस, नाहीतर डॉक्टर सुई टोचतील’ ही धमकी बंद करा.

वस्तू समाजसेवा अधीक्षकांच्या कार्यालयात पावती घेऊन द्याव्यात. वॉर्डात कुणाच्याही हाती रोख रक्कम देऊ नये. देणगी देताना मुलांसोबत फोटो काढता येणार नाही.

आपले,
रुग्णसाहाय्य मंडळ