निविदेत सॉफ्टवेअरचे नाव कशाला?

महोदय,

गेल्या महिन्यात एका मोठ्या कंपनीची निविदा भरली. काम साधे होते: तीन टन माल उचलायची चौकट, तिचे ड्रॉइंग आणि ताणाचा हिशेब. आमचा कागद परत आला, पण दरामुळे नाही. ‘विश्लेषण ॲन्सिस किंवा अबॅकसवरच केलेले असावे’ या अटीत आम्ही बसत नव्हतो. ही दोन्ही ताणाचा हिशेब करणारी महागडी सॉफ्टवेअर. भांडुपला एका गाळ्याच्या पोटमाळ्यावर आम्हा दोघांचे ऑफिस. वर्षाला लाखांत जाणारे लायसन्स घेतले तर भाडे कशातून भरायचे?

आम्ही त्याच कामाचे कॅल्क्युलिक्स वापरतो. ते फुकट आहे, पण पोरखेळ नव्हे. म्युनिकच्या विमान-इंजिन कंपनीतल्या अभियंत्यांनी ते लिहिले. त्याची इनपुट फाइल अबॅकसच्या इतकी जवळची, की आधीच्या नोकरीत अबॅकसवर बसलेला माझा सहकारी आठवड्यात सरावला. फ्रान्सच्या सरकारी वीज कंपनीचे असेच एक सॉफ्टवेअर, कोड ॲस्टर, हेही २००१ पासून सर्वांना खुले आहे.

निविदावाल्या साहेबांना फोन केला. म्हणाले, ‘फुकटातल्या आकड्यावर सही कोण करणार?’ शंका रास्त, पण रोख चुकला. २३ ऑगस्ट १९९१ रोजी नॉर्वेत स्लाइपनर-ए हा समुद्रातून तेल-वायू काढायचा काँक्रीटचा प्लॅटफॉर्म चाचणीतच बुडाला. त्याचा हिशेब नास्ट्रान या नामांकित सॉफ्टवेअरवर झाला होता. बिचाऱ्या नास्ट्रानचा दोष नव्हता. हिशेबासाठी रचनेचे लहान तुकडे पाडतात, ती जाळी मोक्याच्या सांध्यावर जाड नि बेढब होती, त्यामुळे कातर ताण ४७ टक्के कमी दिसला आणि भिंती पातळ राहिल्या.

आमच्याकडे नव्याने आलेल्या मुलाने परवा एक ब्रॅकेट सोडवला. मी वहीत काढलेला वाक ६ मिमी, त्याचा संगणक म्हणे ४. त्याने जाळीला चार नोडचे (बिंदूंचे) टेट्रा, म्हणजे चौफलकी तुकडे, घेतले होते, ते मुळातच ताठ वागतात. दहा नोडचे घेतल्यावर आकडा सहावर आला. ही चूक महागड्या सॉफ्टवेअरवरही अशीच झाली असती, फक्त चित्र अधिक देखणे आले असते. म्हणूनच नवी आवृत्ती घेतली की आम्ही आधी नाफेम्स या संगणकी विश्लेषणातल्या संस्थेचे, उत्तर ठरलेले लंबवर्तुळी पाट्याचे नमुना गणित सोडवतो. उत्तर ९२.७ मेगापास्कलच्या आसपास आले, तरच गिऱ्हाइकाच्या कामाला हात.

महागाचे पैसे कुठे वसूल होतात, हेही सांगतो. रबरी बुश, एकमेकांवर घासणारे पाच-सात भाग, गिऱ्हाइकाने पाठवलेले फाटके कॅड (संगणकावरचे) मॉडेल: इथे आमचे सॉफ्टवेअर रात्रभर अडून बसते आणि फोन करायला कोणी नसते. असे एक काम मी गपचूप अंधेरीतल्या लायसन्सवाल्या ऑफिसला दिले. नफा गेला, पण झोप लागली. चौकटीच्या कामात यातले काय आहे?

उलट अशा अटीमुळे चोरीची प्रत वापरून रंगीत अहवाल देणाऱ्यांचे फावते. विद्यार्थ्यांसाठीची फुकट आवृत्ती धंद्याच्या कामाला चालत नाही, तरी ती वापरणारेही असतातच. त्यापेक्षा दोन वेगवेगळ्या जाळ्यांवरचे निकाल, हातचा हिशेब आणि एका नमुना गणिताचे उत्तर मागा. तपासायला अर्धा तास लागेल, पण तपासणाऱ्याला ते वाचता यायला हवे.

त्या निविदेला आता मुदतवाढ मिळाली आहे. अट तशीच आहे.

– एक यंत्र अभियंता, भांडुप (प.), मुंबई