वळवाचा ढग

वाई,
दि. २४ एप्रिल

प्रिय सुधाकर,
सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू विचारलंस, "आभाळ बघून पावसाचं कळतं तरी कसं रे तुला?" फोनवर ते नीट सांगता येईना. आता तू शेती करायला गावी आलायस, म्हणून सविस्तर लिहितो.

पिंजलेल्या कापसासारखे चकाकते तंतू दिसले, तर ते सिरस ढग. फार उंचावरचे, सगळे हिमकणांचे. त्यांचा पाऊस जमिनीपर्यंत पोचत नाही. त्याच उंचीवर पातळ पडदा पसरला की चंद्राला खळं पडतं. हात लांब करून वीत धर. अंगठा चंद्रावर ठेवलास तर करंगळी बरोबर खळ्यावर येते. मला अजूनही दर वेळी ते करून बघावंसं वाटतं. खालच्या उंचीवरचा दाट पडदा, म्हणजे अल्टोस्ट्रॅटस, आला की खळं दिसत नाही. सूर्य दुधी काचेआड गेल्यासारखा होतो आणि आपली सावली पडत नाही.

गोळ्यागोळ्यांच्या ढगांना बोटांचं माप लावायचं, तेही हात लांब करूनच. एक गोळा करंगळीआड झाकला तर सिरोक्युम्युलस, तीन बोटांआड मावला तर अल्टोक्युम्युलस, त्याहून मोठा दिसला तर खालचा स्ट्रॅटोक्युम्युलस. या नावांचा पाया लंडनच्या ल्यूक हॉवर्डने १८०२ साली घातला. तो औषधं विकायचा!

पण तुला ओळखता यायलाच हवा तो क्युम्युलोनिंबस, आपला वळवाचा ढग. गेल्या वर्षी शिजवलेली हळद पटांगणात वाळत होती. दुपारी पाचगणीच्या अंगाला फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा ढग उठला, कडा सुरीने कापल्यासारख्या. म्हटलं, जेवून बघू. हात धुऊन आलो तर माथ्याची कड विस्कटलेली, ओल्या कागदावर शाई फुटावी तशी. म्हणजे वर बर्फ धरला होता. मग माथा ऐरणीसारखा आडवा पसरला. आपल्याकडे तो १५ किलोमीटरपर्यंतही चढतो. ताडपत्री ओढेपर्यंत सर आली. निम्मी हळद काळवंडली, फार जिवाला लागलं. तेव्हापासून कड विस्कटली की ताट सोडून उठतो.

आणि एक. बांधावरच्या आंब्याखाली थांबू नकोस. वीज चमकली की मोजायला लाग: गडगडाटाला ३ सेकंद लागले, तर ती १ किलोमीटरवर. ३० सेकंदांच्या आत आवाज आला, तर सरळ घर गाठ. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं, विजेचा इशारा देणारं 'दामिनी' अॅपही मोबाईलवर घे.

आज पश्चिमेला नुसते सिरस आहेत. हळद उघडीच ठेवलीय. वहिनींना नमस्कार सांग.

तुझा,
बाळू