ताई, टायरसाठी थँक यू, आणि त्याआधी विचारलेल्या सगळ्या प्रश्नांसाठी पण

ताई, हे खरंतर फोनवर सांगून पण झालं असतं, पण मुद्दाम सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय, कारण तुम्ही मला जे सांगितलंत ते रोड बाईक चालवणाऱ्या कुणाच्याही कामाचं आहे आणि तुम्ही स्वतः ते कधी लिहून काढणार नाही हे मला पक्कं माहितीये.

मी विचारलं होतं एवढंच, की सायकल एकच आहे, रोज कामाला जायला तीच आणि सुट्टीला लांबच्या राईडला पण तीच, तर फास्ट टायर घेऊ की दणकट. दुसरं कुणी असतं तर एका टायरचं नाव सांगून मोकळं झालं असतं. तुम्ही नाव घेतलंच नाहीत, उलट मलाच विचारत बसलात, वजन किती, रिम आतून किती मिलिमीटर, ब्रेकखाली आणि फ्रेममधे किती जागा आहे, रस्त्यावर काचा जास्त की खडी, पंक्चर झालं तर कडेला थांबून काढायची तयारी आहे का की उशीर झालेला चालतच नाही. आणि मग तो प्रश्न, जो मी आता ज्याला त्याला विचारत सुटलेय: "दणकट म्हणजे तुला नक्की काय वाचवायचंय?"

कारण दणकटपणा ही एक गोष्ट नाहीच ना. काच ट्रेडमधून (रस्त्याला टेकणारं रबर) आत जाणं वेगळं, धारदार दगडाने साईडवॉल (टायरची बाजू) कापली जाणं वेगळं, खड्ड्यात टायर रिमवर आपटून ट्यूबला शेजारी शेजारी दोन भोकं पडणं (स्नेकबाईट) वेगळं, आणि रबर झिजत जाणं हे तर अजूनच वेगळं. ट्रेडखाली पंक्चर बेल्ट, म्हणजे काचा अडवायला घातलेला चिवट पट्टा, असेल तर तो काचेला बऱ्यापैकी अडवतो, पण तो असतो फक्त मधल्या पट्ट्यात, साईडवॉलला त्याचा काही उपयोग नाही, आणि स्नेकबाईटला तर अजिबातच नाही, कारण तिथे बाहेरून काही घुसतच नाही, हवा कमी पडते एवढंच. म्हणजे ज्याला सारखे स्नेकबाईट होतात त्याने जाड बेल्टवाला टायर घेतला तर राईड कडक होणार आणि पंक्चर आहेत तिथेच राहणार. हे मला याआधी इतकं सुटं करून कुणीच सांगितलं नव्हतं.

मग तुम्ही रिमवरून काढलेले दोन टायर हातात दिलेत, एक रेसचा, एक रोजच्या वापराचा, आणि म्हणालात नुसतं दाबून बघ. रेसच्या टायरची साईडवॉल दोन बोटांत धुवून धुवून मऊ झालेल्या सुती कापडासारखी दुमडत होती, दुसऱ्याची दाबली की परत ताठ उभी राहायची. टायर रस्त्यावर फिरताना प्रत्येक फेरीला तेवढाच भाग दबतो आणि परत वर येतो, त्या दबण्या-उठण्यात रबर आणि धागे जी ताकद खातात ती उष्णता होऊन जाते, आणि ती ताकद आपल्या पायांतली असते. जो सहज दुमडतो तो कमी खातो आणि रस्त्याची बारीक थरथर पण हाताला कमी लागते. म्हणून मऊ टायर फास्ट पण असतो आणि आरामाचा पण, या दोन गोष्टींत भांडण नाहीचये, भांडण आहे ते या दोघी एकीकडे आणि जाडी दुसरीकडे असं. हे कळल्यावर माझा अर्धा गोंधळ तिथेच संपला.

टीपीआयचं पण तेव्हाच नीट समजलं. एका इंचात किती धागे हा तो आकडा, जास्त धागे म्हणजे बारीक धागे, पातळ आणि लवचिक केसिंग (रबराखालचं धाग्यांचं कापड). पण तुम्ही म्हणालात आकडा वाचताना थर मोजायचे. कॉन्टिनेन्टलच्या ग्रँड प्री ५००० टायरवर ३३० लिहिलेलं असतं ते ११० चे तीन थर मिळून, आणि विट्टोरिया कोर्साच्या सुती केसिंगचं ३२० हे त्या विणीचंच. नुसते आकडे शेजारी ठेवून काही कळत नाही, बोटांनीच बघावं लागतं.

आता मला सगळ्यात उपयोगी पडलेला भाग, रुंदी. मी २५ मिमीच्या पलीकडे विचारच करत नव्हते, आणि तुम्ही म्हणालात आधी २८ बसतो का ते बघू, मग ब्रँडचं बोलू. हवा तेवढीच आणि वजन तेवढंच असेल तर जमिनीला टेकणारा भाग दोन्ही टायरचा साधारण तेवढाच असतो, फक्त अरुंद टायरचा लांबट होतो आणि रुंद टायरचा आखूड आणि पसरट, आणि आखूड असला की टायरला कमी वाकावं लागतं. म्हणजे सारख्या हवेला रुंद टायर उलट हलकाच फिरतो. मग त्यातली थोडी हवा कमी करायची आणि तो फायदा आरामात वापरायचा, वर रिमपर्यंत आपटायला जास्त उंची मिळते म्हणून स्नेकबाईट पण कमी. जाडी न वाढवता मिळणारा टिकाऊपणा म्हणजे हाच, आणि त्याला लवचिकपणातलं काही द्यावं लागत नाही, थोडं वजन वाढतं तेवढंच. हवा खच्चून भरली की जास्त पळते हे गुळगुळीत ट्रॅकवर ठीक आहे, खडबडीत रस्त्यावर तीच हवा सायकल आणि आपल्याला उडवत राहते आणि ताकद त्यात जाते. सायकलच्या टायरमधल्या हवेचा अभ्यास केलेल्या फ्रँक बर्टोंचा १५ टक्क्यांचा नियम तुमच्याकडूनच कळला, वजन आल्यावर टायरची उंची साधारण १५ टक्के दबली की हवा योग्य, आणि मागच्या चाकावर वजन जास्त म्हणून मागे थोडी जास्त हवा. मी आता ७० पीएसआयच्या (हवेच्या दाबाचं माप) आसपास खेळते, पुढे थोडं खाली, मागे थोडं वर. आणि हो, टायरवर लिहिलेला आकडा ही कमाल मर्यादा आहे, भरायचा आकडा नाही, हे प्रत्येक पंपावर चिकटवायला पाहिजे. हुकलेस रिम (टायर धरून ठेवणारी आत वळलेली कड नसलेली) असेल तर ५ बार म्हणजे ७२.५ पीएसआयच्या वर जायचंच नाही आणि टायर पण हुकलेसला चालणाराच घ्यायचा, हे तुम्ही दोनदा बजावलंत ते बरंच झालं.

टायरवर लिहिलेली रुंदी आणि खरी रुंदी एकच नसते, रिम आतून रुंद असेल तर २८ चा टायर २९-३० पण भरतो, म्हणून आधी फ्रेममधली जागा मोजायला लावलीत. बाजूला बारीक अक्षरात २८-६२२ लिहिलेलं असतं त्यातला ६२२ म्हणजे टायर रिमवर बसतो तिथला व्यास, ७००सी म्हणतात ते हेच.

आणि शेवटी पुढे वेगळा, मागे वेगळा. हे मी स्वतः कधीच केलं नसतं, दोन चाकं म्हणजे जोडीच पाहिजे असं डोक्यात असतं. पण मागचा टायर जास्त वजन घेतो, पेडलचा जोर घेतो, लवकर झिजतो, म्हणून तिथे जाड ट्रेड आणि बेल्टवाला, आणि पुढे वळणावरची आणि ब्रेक मारतानाची पकड जास्त महत्त्वाची असते, हाताला रस्ता पण तिथूनच लागतो, म्हणून तिथे लवचिक केसिंगचा आणि चांगल्या रबराचा. दोन्ही एकसारखे असतील तर मागचा संपला की पुढचा मागे आणि नवा पुढे, पण वेगवेगळे असतील तर मागे परत तसाच दणकट घालायचा आणि पुढच्याचं रबर भेगाळतंय का ते बघत राहायचं, झिजलेला टायर पुढे कधीच नको.

नक्षीबद्दल लोक मला अजून विचारतात, पावसात गुळगुळीत टायर घसरत नाही का म्हणून. सायकलचा टायर इतका अरुंद आणि हवेने इतका कडक असतो की त्याखालून पाणी आपोआप बाजूला होतं, डांबरी रस्त्यावर पकड रबराची असते, खाचांची नाही. जास्त टिकावं म्हणून कडक केलेलं रबर ओल्यात जास्त घसरतं, बघायचं असेल तर ते बघा, हे मी तुमचंच वाक्य सगळ्यांना ऐकवते.

ट्यूबलेसवर (आत ट्यूब नसलेले टायर) फार बोललो नाही, तुम्ही एवढंच विचारलंत की दर काही महिन्यांनी सीलंट (बारीक भोकं आतून बुजवणारं द्रव) भरायला जमेल का, मी नाही म्हटलं, विषय संपला. जबरदस्ती केली नाहीत हे पण आवडलं.

अजून एक, कापसाचं. ट्यूब बदलायच्या आधी टायरच्या आतून कापसाचा बोळा हळूच फिरवायचा, बारीक तार किंवा काचेचा कण अडकलेला असेल तर कापसाचे तंतू तिथे अडकतात, बोटाला ते लागत नाही आणि लागलं तर बोट कापतं. केसासारखी बारीक तार तशीच आत राहिली तर नवी ट्यूब पण थोड्या वेळात पंक्चर होते. राईडवरून आल्यावर ट्रेडवरून नजर फिरवून रुतलेल्या काचा टोकदार वस्तूने काढून टाकायच्या, कारण काच बऱ्याचदा पहिल्या फेरीला आत जात नाही, फिरत फिरत हळूहळू खोल जाते. मी हे आता नेमाने करते, आणि खरं सांगते ताई, महागातल्या बेल्टपेक्षा याचा गुण मला जास्त वाटतो.

तुम्ही स्वतःची राईड सोडून माझ्यासाठी बसलात, मला काय घ्यायचं ते न सांगता कसं बघायचं ते दाखवलंत, त्यासाठी मनापासून थँक यू. मागचा टायर अजून छान आहे, मधला भाग थोडा सपाट व्हायला लागलाय पण झीज कळायला ट्रेडमधे असलेली खूण (ती पुसली की टायर संपला) अजून दिसतेय. तो संपला की मागे ३० बसेल का ते विचारायला येणारच आहे, फ्रेममधली जागा मोजून लिहून ठेवलीय.