चार्ली प्राइडला का वगळलंत?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीतला अमेरिकेतल्या नॅशव्हिल शहरातल्या कंट्री संगीत पुरस्कारांवरचा लेख मी दोनदा वाचला. पहिल्यांदा वाटलं, एखादा परिच्छेद माझ्याच नजरेतून सुटला असेल. सुटला नव्हता. १९७५ साली गायक चार्ली रिचने भर मंचावर विजेत्या जॉन डेन्व्हरच्या नावाची चिठ्ठी लायटरने पेटवली, त्या प्रसंगाला तुम्ही अर्धं पान दिलंत. आणि त्याच्या चारच वर्षं आधी, १९७१ मध्ये, ‘एंटरटेनर ऑफ द इयर’ हा तिथला सर्वांत मोठा मान मिळवणाऱ्या चार्ली प्राइड या कृष्णवर्णीय गायकाचं नावसुद्धा नाही! उलट २०१६ साली गायिका बियॉन्से तिथे गायली तेव्हा कृष्णवर्णीय कलाकारांना या मंचाची दारं पहिल्यांदा उघडली, असं छापलंत. हे साफ चूक आहे.

पुरस्कार सुरू झाले १९६७ ला. पाचव्याच वर्षी रायमन सभागृहात प्राइडचं नाव पुकारलं गेलं. सर्वोत्कृष्ट गायकही तोच, त्या वर्षी आणि पुढच्याही वर्षी. ज्याच्या पहिल्या रेकॉर्डी रेडिओवाल्यांकडे मुद्दाम फोटो न लावता पाठवल्या होत्या, त्या माणसाने हे मिळवलं. १९६६ ला डेट्रॉइटमध्ये तो मंचावर आला तेव्हा चाललेल्या टाळ्या एकदम थांबल्या होत्या. प्राइडनंतर कुणाही कृष्णवर्णीय कलाकाराला ‘एंटरटेनर’चा मान मिळालेला नाही. इतिहास लिहायचा तर हा प्रश्न नको का विचारायला?

मला एवढं का लागलं, तेही सांगतो. १९८६ साली कापसाच्या प्रशिक्षणासाठी मी टेक्सासला होतो. येताना प्राइडची एक कॅसेट आणली. आमच्या बाबांना इंग्रजीचा गंध नव्हता. संध्याकाळी ओसरीवर टेप लावला की ते सुपारी कातरायची थांबवून ऐकत बसायचे. एकदा मी त्यांना सांगितलं, हा मिसिसिपीतल्या स्लेज गावचा, बाप बटाईने शेती करायचा, लहानपणी हाही कापूस वेचायचा. बाबांनी कॅसेटचं कव्हर मागून घेतलं, कंदिलाजवळ धरलं (आमच्याकडे रात्री वीज कधी असायची?) आणि बराच वेळ त्याचा चेहरा बघत राहिले. मग म्हणाले, ‘‘हा बी आपल्यावानी कापूस येचत होता?’’ आणि अंगठ्याने स्वतःच्या नखांच्या कडा चाचपल्या. वाळलेल्या बोंडाची टोकं तिथेच लागतात. वेचणी केलेल्यालाच ते कळतं. तेव्हापासून घरात त्या कॅसेटला ‘कापूसवाल्याची कॅसेट’ म्हणत. टेप गुंतली की बाबा स्वतः पेन्सिल घालून ती गुंडाळायचे.

नोव्हेंबर २०२० मध्ये त्याच पुरस्कार सोहळ्यात प्राइडला जीवनगौरव मिळाला. शहाऐंशी वर्षांचा माणूस, तरी गायला. महिनाभरात, १२ डिसेंबरला, कोविडने गेला. बाबा तोवर राहिले नव्हते. त्या रात्री मी एकट्यानेच ती कॅसेट लावली, निम्मी चालली.

लेखकाने विषय निवडला याबद्दल त्यांचे आभारच मानतो, मराठीत या संगीताबद्दल कोण लिहितं? गायिका लोरेटा लिन १९७२ ला ‘एंटरटेनर’चा मान मिळवणारी पहिली स्त्री ठरली, हेही त्यांनी बरोबर दिलं आहे. मग त्याच्या आदल्याच वर्षीचा मानकरी त्यांना दिसला कसा नाही? कृपया येत्या रविवारी दुरुस्ती छापा, आणि ती कोपऱ्यात दोन ओळींत नको, प्राइडच्या फोटोसह.

आता लिहितोच आहे तर आणखी एक. दिवाळीपासून तुम्ही कापसाचे बाजारभाव देणं बंद केलं आहे. आमच्या भागात निम्मे लोक अंक त्याच चौकटीसाठी घेत होते. ऐन वेचणीच्या दिवसांत ती का काढलीत? गावोगावचे व्यापारी वाटेल तो भाव सांगतात आणि पडताळायला हातात काही नसतं. ती चौकट परत सुरू करा.

आपला,
एक निवृत्त कृषी प्राध्यापक, दारव्हा, जि. यवतमाळ